विश्लेषण : महागडे पेट्रोल भरल्याने मायलेज वाढते का? जुन्या इंजिनाचे रक्षण होते का? उत्तर दडले आहे थॉमस मिजली यांच्या चरित्रात

पंपावर साध्या पेट्रोलशेजारी ९५, ९७, ९९, १०० असे आकडे मिरवणारे महाग पेट्रोल मिळते. गाडी जास्त पळेल, मायलेज वाढेल, जुने इंजिन टिकेल, या आशेने अनेक जण लिटरमागे जादा पैसे मोजतात. या तिन्ही समजुतींचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकी अभियंत्याच्या कामात आहे. जगातले पहिले ‘प्रीमियम’ पेट्रोल त्याने घडवले आणि ते खरोखर उपयोगी होते. ते कोणत्या इंजिनाला उपयोगी होते, हे मात्र पुढे जाहिरातींच्या गलबल्यात मागे पडले.

शोध मायलेजसाठीच कसा सुरू झाला?

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स या गावी झाला. घरात संशोधनाचे वातावरण होते. वडील टायरच्या धंद्यातले संशोधक, तर आईचे वडील करवतीला बदलता येणारे दाते बसवण्याच्या युक्तीसाठी ओळखले जात. मिजली यांनी १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली, तीही यांत्रिकी अभियांत्रिकीची. रसायनशास्त्र ते पुढे कामाच्या गरजेने स्वतःच शिकले. १९१६ मध्ये ते ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. हँडल न फिरवता बटनाने सुरू होणारी मोटार ज्यांच्यामुळे शक्य झाली, तेच हे केटरिंग.

केटरिंग यांच्यापुढे एक डोकेदुखी होती. इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो वाढवला, म्हणजे ठिणगी पडण्यापूर्वी हवा-इंधनाचे मिश्रण जास्त दाबले, की तेवढ्याच इंधनातून जास्त काम मिळते. पण एका मर्यादेपलीकडे दाबले की सिलिंडरमधून हातोडी मारल्यासारखा खणखणाट ऐकू येई. मेकॅनिक आजही त्याला ‘नॉकिंग’च म्हणतात. त्या वेळी अमेरिकेत तेलाचे साठे काही दशकांत आटतील अशी धास्ती होती. त्यामुळे नॉकिंग थांबवणे म्हणजे थेंबाथेंबातून जास्त मैल काढणे, असे हे सरळ गणित होते.

नॉकिंगचे कारण काय, याबद्दल तेव्हा गोंधळ होता. बरेच जण केटरिंग यांच्या बॅटरीवरच्या इग्निशनलाच दोष देत. मिजली यांनी सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला टिपणारे उपकरण बनवले आणि दोष ठिणगीचा नाही, इंधनाचा आहे हे दाखवले. ठिणगी पडल्यावर ज्योत मिश्रणातून पुढे सरकते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटले, की जो दणका बसतो तो नॉक. सतत बसणाऱ्या या दणक्यांनी पिस्टन फुटू शकतो.

लाल पान, आयोडीन आणि लसणासारखा वास

यानंतरचा टप्पा विज्ञानातल्या सुदैवी चुकांच्या यादीत बसणारा आहे. बर्फाखालीही फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची पाठ तांबडी असते. तांबडा रंग उष्णता शोषत असेल, तर इंधनही लाल करून पाहावे, अशी कल्पना निघाली. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजली यांनी आयोडीन टाकले. नॉकिंग कमी झाले! मग खरे लाल रंग आणून घातले, तर काहीच फरक पडेना. उलट आयोडीनच्या रंगहीन संयुगाने फरक पडला. म्हणजे कल्पना चुकीची होती, पण तिने योग्य दार उघडले. इंधनात किंचितशी भर घालून ज्वलन बदलता येते हे कळले.

आयोडीन महाग होते आणि धातू खाई. मग अनेक संयुगे तपासली गेली. टेल्युरियमचे संयुग चांगले काम करी, पण त्याचा लसणासारखा उग्र वास प्रयोगशाळेतल्या माणसांच्या अंगाला चिकटून राही आणि कपडे बदलूनही जाईना. मिजली यांनी मग चाचपडणे सोडून मूलद्रव्यांची आवर्त सारणी समोर ठेवली आणि तिच्या क्रमाने ते जड मूलद्रव्यांकडे सरकत गेले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचे एक द्रवरूप संयुग, इंजिनात गेले आणि नॉकिंग थांबले. एका अमेरिकी गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरला, जेमतेम तीन घनसेंटिमीटर पुरत.

त्याच वर्षी मिजली यांनी अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवरही गाडी चालवून दाखवली होती. नॉकिंग त्यानेही थांबत होते. पण अल्कोहोल बरेच मिसळावे लागे आणि ते कोणीही गाळू शकत असे. शिशाच्या संयुगावर मात्र पेटंट मिळत होते. निवड कशाची झाली, हे सांगायला नको.

पहिले ‘प्रीमियम’ पेट्रोल

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विक्रीला आले. साध्यापेक्षा काही सेंट महाग आणि नाव ‘एथिल’. बाईच्या नावासारख्या या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता, आणि ते अपघाताने झाले असे मानायला जागा नाही. त्याच वर्षीच्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पुढच्या क्रमांकांच्या गाड्यांमध्ये एथिल होते. ‘महाग पेट्रोल म्हणजे वेगवान गाडी’ हे समीकरण ग्राहकांच्या डोक्यात तिथून पक्के झाले.

इथे नीट पाहायला हवे. शिसे घातल्याने पेट्रोलमधली ऊर्जा वाढली नव्हती. जास्त कॉम्प्रेशनचे इंजिन बांधता आले, म्हणून मायलेज आणि ताकद वाढली. जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या मोटारीत एथिल भरणाऱ्याला, इंजिन आधीच नॉक करत नसेल तर, हाती काहीच लागत नव्हते. १९२६ च्या सुमारास एथिल कंपनीतच ग्रॅहम एडगर यांनी इंधन मोजण्याची फूटपट्टी शोधली. आयसो-ऑक्टेनला १०० गुण, नॉर्मल हेप्टेनला शून्य. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोन द्रवांच्या ९१:९ मिश्रणाइतकाच नॉकला विरोध करणारे पेट्रोल. पंपावरचा आकडा सहनशक्तीचा आहे, ताकदीचा नाही.

हात धुऊन दाखवलेले विष

शिसे विषारी असते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. खुद्द मिजली यांना १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली आणि मोकळ्या हवेसाठी त्यांना फ्लोरिडा गाठावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे शुद्धीकरण प्रकल्पात टेट्राइथाइल लेड बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. पाच जण दगावले, तीसहून अधिक आजारी पडले. डेटन आणि डीपवॉटर येथील मृत्यू धरले तर त्या काळात किमान १५ कामगारांचा बळी गेला.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर आले. तेच द्रव त्यांनी हातांवर ओतून चोळले आणि बाटली मिनिटभर नाकाशी धरली. वर्ष-दीड वर्षापूर्वी याच विषाने आजारी पडलेल्या माणसाने हे करावे, ही त्यांच्या चरित्रातली सर्वात अस्वस्थ करणारी घटना आहे. त्यांना धोका माहीत नव्हता, असा बचाव इथे टिकत नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. विक्री थांबली. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी कामगारांपुरता विचार न करता रस्त्यावरच्या धुराचा मुद्दा मांडला. समितीने २५२ जणांची तपासणी करून १९२६ च्या आरंभी निष्कर्ष दिला, की बंदीला पुरेसे कारण नाही, मात्र अभ्यास पुढे चालू राहावा. तो अभ्यास पुढची कित्येक दशके मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालला. विक्री पुन्हा सुरू झाली.

मिजली यांनी नंतर शीतकपाटांसाठी बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. १९३० मध्ये तो छातीत भरून घेऊन त्यांनी मेणबत्ती विझवून दाखवली. हा फ्रेऑन पुढे ओझोन थराला घातक ठरला, ती कहाणी वेगळी.

जुन्या इंजिनाचे रक्षण नेमके कशाने झाले?

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांमध्ये आजही वाद रंगतो तो इथे. जळल्यावर शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटवर बसे. पूर्वीच्या इंजिनांत ही सीट म्हणजे हेडचे मऊ बीडच असे. हा थर नसेल, तर तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, उचलताना धातू ओरबाडतो आणि हळूहळू सीटमध्ये रुततो. शिशाने हे टाळले. पण हा लाभ मिजली यांनी शोधलेला नव्हता, तो आपोआप पदरात पडला. उलट शिशाची राख प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचे, म्हणून ब्रोमीनचे संयुगही मिसळावे लागे.

म्हणजे जुन्या इंजिनाला दोन वेगळ्या गोष्टी मिळत होत्या : ऑक्टेन आणि व्हॉल्व्ह सीटचे संरक्षण. दोन्ही एकाच बाटलीतून येत असल्याने लोकांनी त्या एकच मानल्या. आजच्या १०० ऑक्टेन पेट्रोलात शिसे नाही, त्यामुळे मऊ सीट वाचवण्यासाठी ते भरणे व्यर्थ आहे. त्यासाठी हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवणे हा खरा उपाय. पोटॅशियमसारखी पर्यायी मिश्रणेही मिळतात, पण ती शिशाइतकी भक्कम नाहीत. मात्र साठच्या दशकातल्या, १० किंवा ११ कॉम्प्रेशन रेशोच्या दमदार अमेरिकी गाडीला जास्त ऑक्टेन लागतेच. त्या गाडीत नॉक ओळखून इग्निशन मागे घेणारा सेन्सर नाही. कान हाच सेन्सर.

नव्या गाडीत संगणक हे काम करतो. कमी ऑक्टेन मिळाले की तो इग्निशन मागे खेचतो, त्यात थोडी ताकद आणि थोडे मायलेज जाते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये, उत्पादकाने प्रीमियमची ‘शिफारस’ केलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा मायलेज सरासरी २.७ टक्के वाढले. किमतीतला फरक सहसा त्याहून मोठा असतो. साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या गाड्यांत तर २०१६ च्या चाचणीत लक्षणीय लाभ दिसलाच नाही. इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायने काही महाग पेट्रोलांत असतात, ती उपयोगी आहेत, पण त्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही.

अखेर आणि त्यानंतर

१९४० मध्ये मिजली यांना पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतः तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत अडकून, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. शिशाने केलेली हानी उघड होईपर्यंत ते जगले नाहीत.

१९६५ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढल्याचे मांडले. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिसे घटवणे सुरू झाले आणि त्याआधीच जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन खाली आणले. भारतात १९९५ मध्ये महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले, फेब्रुवारी २००० पासून देशभर. अल्जीरियातले शेवटचे पंप जुलै २०२१ मध्ये थांबले. आणि मिजली यांनी बाजूला ठेवलेले अल्कोहोल आता २० टक्के इथेनॉलच्या रूपाने परतले आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार त्यामुळे साध्या पेट्रोलचाच ऑक्टेन ९५ झाला आहे. अर्थात इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते.

शिसे पूर्ण गेलेले मात्र नाही. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत भरल्या जाणाऱ्या १०० ऑक्टेनच्या इंधनात टेट्राइथाइल लेड आजही मिसळले जाते.