विश्लेषण : काहीच न वाजवणारा संगीतकार! जॉन केज यांचे संगीत आवडणे म्हणजे निव्वळ आव आणणे?

वर्ष १९६०. ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय टीव्ही शोमध्ये सूट-टाय घातलेले ४७ वर्षांचे एक हसतमुख गृहस्थ पाहुणे म्हणून आले. मंचावर त्यांची ‘वाद्ये’ मांडून ठेवली होती. पाण्याचा बाथटब, बर्फाचे खडे, मिक्सर, झारी, रबरी बदक, गुलाबांची फुलदाणी, पाच रेडिओ आणि एक ग्रँड पियानो. लोक हसतील, चालेल ना, असे सूत्रसंचालकाने आधीच विचारून घेतले. रडण्यापेक्षा हसलेले बरे, अशा अर्थाचे उत्तर पाहुण्यांनी दिले.

मग स्टॉपवॉचकडे पाहत ते तीन मिनिटे मंचावर इकडून तिकडे फिरत राहिले. फुलांना पाणी घातले, मिक्सर फिरवला, मध्येच पियानोची पट्टी दाबली. रेडिओचे प्लग कोणत्या कामगार संघटनेच्या माणसाने लावायचे यावर वाद झाल्याने रेडिओ सुरूच करता आले नव्हते. त्यावर त्यांनी साधा तोडगा काढला. रेडिओ लावायच्या वेळी त्याला चापट मारायची आणि बंद करायच्या वेळी तो टेबलावरून खाली ढकलून द्यायचा. प्रेक्षक पोट धरून हसले.

हे गृहस्थ म्हणजे जॉन केज, विसाव्या शतकातल्या प्रायोगिक संगीतातले सर्वांत गाजलेले आणि सर्वाधिक शिव्या खाल्लेले नाव. तो व्हिडीओ आजही यूट्यूबवर पाहता येतो. तो पाहिला की पहिला प्रश्न पडतो, हे संगीत आहे का? दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. असले काही आवडते म्हणणाऱ्यांना ते खरेच आवडते, की आपण चारचौघांपेक्षा वेगळे आहोत हे दाखवायचे असते? चाकोरीबाहेरचे संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा टोमणा कधी ना कधी बसतो. केज यांना तो आयुष्यभर बसला.

केज कोण होते?

जन्म ५ सप्टेंबर १९१२, लॉस एंजेलिस. वडील संशोधक, त्यांनी पाणबुडीही बनवली होती. आई वृत्तपत्रात लिहायची. मुलगा शाळेत अत्यंत हुशार, पण कॉलेज अर्धवट सोडून १९३० मध्ये युरोपला गेला. परतल्यावर त्याने संगीतकार व्हायचे ठरवले आणि अर्नोल्ड शोएनबर्ग यांना गाठले. नाझींमुळे युरोप सोडून अमेरिकेत आलेले शोएनबर्ग तेव्हा आधुनिक पाश्चात्त्य संगीतातले दिग्गज होते. फी द्यायला पैसे नव्हते. आयुष्य संगीताला वाहणार का, एवढेच शोएनबर्ग यांनी विचारले आणि फुकट शिकवले.

मात्र या शिष्याला हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या मेळाची, जाण नाही हे गुरूंच्या लवकरच लक्षात आले. पुढे भिंत लागेल, असे त्यांनी बजावले. केज यांनी त्या भिंतीवर डोके आपटत राहायची तयारी दाखवली. पाश्चात्त्य संगीताचा हा खांबच हाताशी नसल्याने ते लय, काळ आणि आवाजाचा पोत यांच्याकडे वळले. त्यांचे पुढचे सगळे काम या एका उणिवेतून निघाले, असे म्हणायला हरकत नाही.

पियानोत नट-बोल्ट कशासाठी?

१९४० च्या सुमारास सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये सिव्हिला फोर्ट या नर्तिकेसाठी केज यांना संगीत हवे होते. मंच इतका लहान की तालवाद्यांचा ताफा मावेना, जागा फक्त एका पियानोपुरती. त्यांनी पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट आणि दार-खिडकीच्या फटीत लावतात तशी पट्टी अडकवून पाहिली. एका पियानोतून घंटा, ढोल, लाकडी ठोकळे असे सगळे वाजू लागले. हाच ‘प्रिपेअर्ड पियानो’.

इंजिनीअरिंग शिकलेल्यांना यातली गंमत चटकन कळेल. तारेवर एका जागी वजन आले की तिची कंपने बदलतात, वरचे स्वरांश मूळ सुराशी साध्या प्रमाणात राहत नाहीत आणि तार घंटेसारखी वाजू लागते. बोल्ट जरा सरकला की आवाज वेगळा. त्यामुळे केज कोणत्या तारेत, कोणती वस्तू, किती अंतरावर याचे तक्ते करून ठेवत. ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ या रचनेसाठी पियानोचे ४५ स्वर असे तयार करावे लागतात आणि त्यात काही तास जातात. नुसती शायनिंग मारायची असेल तर याहून कमी कष्टाचे मार्ग आहेत.

यात अहमदाबाद कुठून आले?

१९४० च्या दशकाच्या मध्यावर केज यांचे वैयक्तिक आयुष्य ढवळून निघाले. पत्नी झेनियापासून ते वेगळे झाले. नर्तक मर्स कनिंगहॅम यांच्याशी जुळलेले नाते अखेरपर्यंत टिकले. संगीत भावना पोहोचवण्यासाठी असते, यावरचा त्यांचा विश्वास याच काळात उडाला. दुःखी होऊन लिहिलेल्या रचनेवर लोक हसतात, हे त्यांनी अनुभवले होते. मग संगीत करायचे तरी कशासाठी?

उत्तर मिळाले गीता साराभाईंकडून. विक्रम साराभाईंची ही बहीण पखवाज वाजवायची. पाश्चात्त्य संगीताचा भारतीय संगीतावर होणारा परिणाम समजून घ्यायला ती १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेली होती. केज यांनी तिला पाश्चात्त्य संगीत शिकवायचे, तिने त्यांना भारतीय, पैशांचा व्यवहार नाही. मन शांत करणे आणि त्याला दैवी प्रभावासाठी मोकळे करणे हे संगीताचे प्रयोजन, असे आपल्या गुरूंचे म्हणणे तिने त्यांना सांगितले. निघताना तिने रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचा ग्रंथ त्यांच्या हाती ठेवला. आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून केज यांना रससिद्धान्तही भेटला होता. १९४६ ते ४८ या काळात लिहिलेल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मागची कल्पना आपल्या नवरसांची आहे. हेडफोन लावून यातला पाचवा सोनाटा ऐका, दोन मिनिटांच्या आत संपतो.

काहीच न वाजवण्याची कल्पना कशी सुचली?

आता त्या कुप्रसिद्ध रचनेकडे. १९५१ च्या सुमारास केज हार्वर्ड विद्यापीठात आवाज शोषून घेणाऱ्या खोलीत गेले. तिथे पूर्ण शांतता अपेक्षित होती, पण त्यांना दोन आवाज आले, एक बारीक आणि एक खर्जातला. बारीक आवाज मज्जासंस्थेचा आणि खर्जातला रक्ताभिसरणाचा, असे तिथल्या तंत्रज्ञाने सांगितल्याचे केज पुढे सांगत. (बारीक आवाज कानातल्या टिनिटसचा असावा, असे आज अनेक जाणकारांना वाटते.) त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र पक्का होता. जिवंत माणसासाठी शांतता नावाची गोष्ट नसते. त्याच सुमारास त्यांचे मित्र, चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्ग यांनी नुसते पांढरे कॅनव्हास रंगवले होते. त्यावर पडणाऱ्या सावल्या हेच चित्र.

२९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात पियानोवादक डेव्हिड ट्यूडर मंचावर आले. त्यांनी पियानोच्या पट्ट्यांवरचे झाकण बंद केले आणि ते घड्याळाकडे पाहत बसले. ३३ सेकंदांनी झाकण उघडले. पहिला भाग संपला. दुसरा भाग २ मिनिटे ४० सेकंदांचा, तिसरा १ मिनिट २० सेकंदांचा. एकूण ४ मिनिटे ३३ सेकंद आणि एकही सूर नाही.

सभागृहाची मागची बाजू रानाकडे उघडी होती. पहिल्या भागात झाडांतला वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात लोकांची कुजबुज आणि उठून जाणाऱ्यांची पावले. बाकीचे लोक भडकले. तिथे आलेली मंडळी नव्या संगीताची दर्दी होती, हे लक्षात घ्यायला हवे. त्यांनीही मान डोलावली नाही.

फसवाफसवी करून केज यांनी काय कमावले?

फार काही नाही. पुढची अनेक वर्षे ते ओढाताणीतच जगले. मोठी रक्कम हाती आली ती संगीतातून नव्हे, अळंब्यांतून! रानातल्या अळंब्या ओळखण्यात ते तज्ज्ञ होते. १९५९ मध्ये इटलीतल्या एका टीव्ही क्विझमध्ये शेवटच्या प्रश्नाला त्यांनी पांढऱ्या बीजाणूंच्या अळंब्यांची नावे वर्णानुक्रमाने सांगितली आणि ५० लाख लिरा जिंकले. त्यातून स्वतःसाठी पियानो आणि कनिंगहॅम यांच्या नृत्यमंडळीला दौऱ्यांसाठी फोक्सवॅगनची गाडी घेतली.

नाव झाल्यावरही अपमान थांबले नाहीत. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्यांच्या २५ वर्षांच्या कामाची मैफल झाली, तिच्या रेकॉर्डिंगमध्ये हुर्यो ऐकू येते. १९६४ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून केज यांची आकाशाच्या नकाशांवरून लिहिलेली रचना वाजवून घेतली. प्रेक्षक उठून गेलेच, पण वादकांनीही मुद्दाम भलतेसलते वाजवले, काहींनी वाद्यांना लावलेल्या मायक्रोफोनची नासधूस केली. जगातल्या अव्वल वाद्यवृंदाचे हे वागणे. यात पोरकट कोण?

केज स्वतः शिष्ट नव्हते का? थोडे होतेच. १९४८ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजमधल्या व्याख्यानात त्यांनी एरिक साती यांची बाजू घेताना बिथोव्हनच्या प्रभावाने संगीताचे वाटोळे केले, अशी मांडणी केली. जॅझ त्यांना फारसे रुचत नसे, रेकॉर्डवरच्या संगीतालाही नाके मुरडत. सगळे आवाज सारखे मानणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. आणि तीन नाणी उडवून, चिनी ‘आय चिंग’मधल्या ६४ आकृत्यांच्या आधारे स्वर ठरवलेले त्यांचे ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ मला तरी पंधरा मिनिटांच्या पुढे झेपत नाही. कल्पना भन्नाट, ऐकणे जिकिरीचे.

मग आवडणे म्हणजे ढोंग?

ढोंगासाठी आधी दावा लागतो. मैफलीत भलत्याच जागी ‘क्या बात है’ म्हणणारा ढोंगी ठरतो, कारण न कळलेले कळल्याचे तो दाखवतो. ‘४ मिनिटे ३३ सेकंद’मध्ये कळण्यासारखे लपवलेले काही नाही. मला छपरावरचा पाऊस ऐकू आला, असे कुणी म्हटले तर त्यात खोटे काय असणार? पाऊस होताच. याउलट बाथटबचा प्रयोग पाहून गंभीर चेहऱ्याने मान डोलावणाऱ्यावर संशय घ्यायला जागा आहे, कारण स्वतः केज यांनाच तिथे हसणे मान्य होते.

सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये साती यांची ‘व्हेक्सेशन्स’ ही एका पानाची रचना ८४० वेळा वाजवायचा घाट घातला. पियानोवादक पाळीपाळीने बसले, कार्यक्रम १८ तासांहून अधिक चालला. तिकीट पाच डॉलर आणि बसलेल्या प्रत्येक २० मिनिटांमागे पाच सेंट परत, म्हणजे जेवढे ऐकाल तेवढे स्वस्त. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने समीक्षकही पाळ्या लावून पाठवले. एक प्रेक्षक पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून राहिला. दिखाव्यासाठी तासभर बसता येते, १८ तास बसणे अवघड!

पुढे काय झाले?

१९६४ च्या विश्वदौऱ्यात केज, ट्यूडर आणि कनिंगहॅम यांची मंडळी भारतातही आली, अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने त्यांचे स्वागत केले. १९६९ मध्ये ट्यूडर यांनी तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. त्यात भारतीयांनी केलेली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डिंग्ज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत.

१२ ऑगस्ट १९९२ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाच्या काही आठवडे आधी, पक्षाघाताच्या झटक्याने केज यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. शक्य तितक्या संथपणे वाजवावी, अशी सूचना असलेली त्यांची एक ऑर्गन रचना आहे. किती संथ, हे त्यांनी लिहिले नव्हते. जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावाच्या जुन्या चर्चमध्ये ती २००१ पासून सुरू आहे आणि २६४० पर्यंत चालणार आहे. रचनेची सुरुवातच विरामाने होत असल्याने पहिला सूर ऐकायला २००३ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर बदलला, तेव्हा तो एक क्षण ऐकायला दूरदूरहून लोक त्या गावात आले होते.