शिकणे न सोडलेला डॉक्टर



भैय्या चौकातून आपण नेहमीच जातो-येतो. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे आणि २०१२ पासून ते स्मारक म्हणून सर्वांना खुले आहे. कोटणीसांचे नाव आपल्यातील थोरामोठ्यांना ठाऊक असते ते बहुधा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. चित्रपटात त्यांचे शौर्य दिसते. आज मला त्यांच्या शौर्याविषयी नव्हे, तर त्यांच्या अभ्यासाविषयी लिहायचे आहे.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. बरीच भावंडे होती. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालली होती. चांगली प्रॅक्टिस, घराला आधार, भावंडांची शिक्षणे ही सरळ वाट समोर होती.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आवाहनावरून निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि पाचवे आपल्या सोलापूरचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

तिकडे गेल्यावर पहिली अडचण लढाईची नव्हती, भाषेची होती. रोग्याला कुठे दुखते हे डॉक्टरला कळेना आणि डॉक्टर काय सांगतो हे रोग्याला कळेना. अशा वेळी दुभाष्यावर काम भागवता येते. कोटणीसांनी मात्र चिनी भाषा शिकायला घेतली. ती लिपी शिकणे म्हणजे मोठ्या माणसाने पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणे. ते बसले. पुढे ते याच भाषेत रोग्यांशी बोलू लागले, वर्गात शिकवू लागले आणि लिहूही लागले. तिकडे ते के दिहुआ या चिनी नावाने ओळखले जात.

पथक चुंगकिंगला असताना त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. बंधुभगिनींनो, इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. घरचा कर्ता पुरुष गेला आहे, आई मागे आहे, भावंडे आहेत. परत आले असते तर कोणी नाव ठेवले नसते. कोटणीस परतले नाहीत. हा निर्णय त्यांना जड गेला असणार, आणि घरच्यांना तर त्याहून जड. आपण थोरांच्या त्यागाचे कौतुक करतो, पण त्याची अर्धी किंमत घरात राहिलेली माणसे मोजतात. हे आपण विसरू नये.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे एकेक सहकारी मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू राहिले, आणि १९४० मध्ये ते उत्तरेला प्रत्यक्ष आघाडीजवळ गेले. तिथे औषधांचा तुटवडा, उपकरणे अपुरी, दवाखाना म्हणजे खेड्यातली घरे, आणि शत्रू जवळ आला की सारे उचलून डोंगरात जायचे. त्या वर्षीच्या एका मोठ्या मोहिमेत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. सलग बहात्तर तास झोप न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते.

त्याच भागात कॅनडाचे प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. मोठ्या माणसाच्या खुर्चीवर बसणे सोपे नसते, लोक सतत तुलना करतात. कोटणीसांनी त्यावर एकच उपाय केला : काम आणि अभ्यास. ते रुग्णालय पाहत, वैद्यकीय शाळेत शिकवत आणि विद्यार्थ्यांना हाती पुस्तक नाही म्हणून शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक स्वतः लिहीत.

तिथेच परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण अपस्माराचे झटके सुरू झाले होते. विश्रांतीसाठी दुसरीकडे जाण्याचा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मूल चार महिन्यांचेही नव्हते. दुसरे पुस्तक अर्धे राहिले.

विश्रांती नाकारणे बरोबर होते का? मला याचे सोपे उत्तर देता येत नाही. युद्धात जखमी दारात पडलेले असताना उठून जाणे त्यांना जमले नाही. पण आपल्यापैकी कोणी ऑफिसच्या कामापायी दुखणे अंगावर काढत असेल, तर त्याने कोटणीसांचा दाखला देऊ नये. आपले शरीरही आपल्याकडे सोपवलेलेच आहे. चिकाटी म्हणजे स्वतःला जाळणे नव्हे.

मग त्यांच्याकडून घ्यायचे काय? आपल्या शहरातल्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांना नवे काम शिकावे लागले. आज आपली मुले पुण्या-मुंबईला नोकरीला जातात, तिथली भाषा आणि कॉम्प्युटरचे नवे प्रोग्राम पाहून बुजतात. कोणाची बढती हुकते, कोणाची परीक्षा राहते. तेव्हा वाटते, आपल्यात धैर्यच नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकताना एक गोष्ट माझ्या मनात ठसली : धैर्य हा जन्मजात मिळणारा दागिना नाही, ती पुन्हापुन्हा करून अंगी बाणणारी सवय आहे. कोटणीस बहात्तर तास उभे राहू शकले, कारण त्याआधी कितीतरी साधे दिवस ते नेमाने उभे राहिले होते. रोज चार चिनी अक्षरे गिरवणाऱ्या हातालाच पुढे पुस्तक लिहिता आले.

या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या कामातली एक गोष्ट निवडावी, जी आपल्याला नीट येत नाही आणि जी आपण दुसऱ्यावर ढकलतो. तिला रोज अर्धा तास द्यावा. आणि मुलांना घेऊन एकदा भैय्या चौकातले ते घर जरूर पाहून यावे.

आपला,
धर्मगुरू