लोखंडी नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणी त्यांचे शाळेत फारसे मन लागत नसे. त्यांना चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे आवडायचे. वडिलांना ते पसंत नव्हते, पण भाऊ रामूअण्णा यांनी मदत केली. १८८५ साली ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे ध्यानात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक कळतच नाही. मग चित्रकार कसे होणार? त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची चित्रे काढायला शिकले. त्याला पेन्सिल आणि पट्टी पुरते. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

१८८८ साली त्यांनी भावासोबत बेळगावला सायकलचे दुकान काढले. तेव्हा सायकल फार थोड्या लोकांनी पाहिली होती, म्हणून हे लोकांना चालवायलाही शिकवत. नोकरीत मात्र त्यांची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. इंग्रजांचे राज्य होते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले.

तिथे त्यांनी पहिल्यांदा कडबा कापायचे यंत्र बनवले. त्यालाच आपण कुट्टी मशीन म्हणतो. बालमित्रहो, ती मशीन एकदा नीट पाहा. तिचे चाक लय जड असते. सुरुवातीला फिरवताना जोर लागतो, कारण थांबलेली वस्तू बल लावल्याशिवाय हलत नाही. पण एकदा का चाक फिरले की ते आपल्या गतीने फिरत राहते आणि पात्याने कडबा खचाखच कापला जातो. जड चाक थांबवायलाही बल लागते. मूठ सोडली तरी ते लगेच थांबत नाही, आणि म्हणूनच लोकांची बोटे जातात. आमच्या गावात एका काकांची दोन बोटे अशीच गेली. मोठ्या माणसांशिवाय पेंढी लावू नका.

आमच्या मशीनमध्ये पेंढी आत ओढायला दोन रूळ आहेत आणि वरच्या रुळावर स्प्रिंग आहे. पेंढी जाड आली की रूळ वर उचलतो आणि स्प्रिंग दाबली जाते. पेंढी बारीक झाली की स्प्रिंग रुळाला पुन्हा खाली ढकलते. दाब काढला की वस्तू पहिल्यासारखी होते, याला लवचीकता म्हणतात. सायकलच्या सीटखालीही अशाच स्प्रिंगा असतात.

मग लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला. तेव्हा कास्तकार लाकडी नांगर वापरत. लोखंडाने जमिनीला विष बाधते, वावर नासते, असे लोकांना वाटे. दोन वर्षे एकही नांगर विकला गेला नाही! बनवलेले नांगर तसेच पडून राहिले. मला त्यांच्या चरित्रातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. दोन वर्षे म्हणजे आपली तिसरी आणि चौथी. एवढे दिवस लोक नाही म्हणत होते, तरी त्यांनी नांगर करणे सोडले नाही. शेवटी एकाने घेतले, त्याचे वावर दुसऱ्यांनी पाहिले आणि मग मागणी वाढली.

लोखंडी नांगर चांगला का चालतो? बोथट लाकूड चिखलात रोवून पाहा आणि खिळा रोवून पाहा. हाताचा जोर तेवढाच, पण खिळा खोल जातो, कारण सगळे बल लहानशा टोकावर पडते. नांगराच्या फाळाचेही तसेच आहे. बैल ओढतात, फाळ माती कापतो आणि वाकडा पत्रा ती उलटी करतो. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी लय खोल जातात. वखर वरवर चालतो, त्याने मुळे निघत नाहीत. आमचे आजोबा सांगतात की त्यासाठी चार बैल जुंपून लोखंडी नांगर घालावा लागायचा.

पुढे बेळगावची जागा नगरपालिकेने सोडायला लावली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. तिथे निवडुंग आणि साप, पाणी कमी. १९१० साली लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी राधाबाई आणि कामगारांची कुटुंबे तिथे राहायला गेली. माळ साफ करून त्यांनी कारखाना आणि घरे बांधली. तेच गाव किर्लोस्करवाडी, आता सांगली जिल्ह्यात आहे. तिथे नांगर झाले, उसाचे चरक झाले, भुईमुगाच्या शेंगा फोडायचे यंत्र झाले आणि पाण्याचे पंपही झाले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले पोस्टाचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात अजूनही पंप तयार होतात.

— इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. तेल्हारा, जि. अकोला