लोकशाहीर अमर शेख

आपण शाळेत होतो तेव्हा दर १ मे रोजी ध्वजवंदन होई, त्यानंतर निकाल आणि मग सुट्टी. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले, एवढे इतिहासात पाठ होते. पण ते राज्य व्हावे म्हणून ज्यांनी गावोगाव आपला गळा झिजवला, त्यांची नावे आपल्याला फारशी भेटली नाहीत. त्यांतले पहिल्या रांगेतले नाव शाहीर अमर शेख यांचे.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी होती, पण आई मुनेरबी यांच्या तोंडी ओव्या आणि लोकगीते होती. गाण्याचे पहिले शिक्षण तेच. लहान वयातच त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, पुढे गिरणीत मजुरी केली. गिरणी कामगारांच्या संपात उतरल्याने तुरुंगही पाहिला आणि तिथून ते कम्युनिस्ट विचारांकडे वळले. काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत काढल्यावर ते मुंबईत आले. ‘अमर शेख’ हे नाव कोल्हापुरातच मिळाले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हातात डफ, मागे झीलकरी आणि समोर कामगार-शेतकरी. पोवाडा, लावणी, वग हे जुनेच प्रकार. विषय मात्र भाकरीचा, संपाचा आणि सावकारीचा. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत देशात काय चालले आहे ते या गाण्यांतून पोहोचत असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांचा पहाडी आवाज हेच आंदोलनाचे बळ ठरले. पुढाऱ्यांच्या भाषणाआधी शाहिरांनी मैदान तापवायचे, ही तेव्हाची रीतच होती. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात घराघरात गेली. गावी बायको ठेवून मुंबईत राबणाऱ्या माणसाची ती व्यथा. बेळगाव, कारवार दूर राहिल्याचे दुःखही तिच्यातच गुंफलेले. पेण-रोह्याच्या माणसाला त्यातली ताटातूट समजावून सांगावी लागत नव्हती. रोह्याला तेव्हा रेल्वे नव्हती. धरमतरहून बोटीने मुंबई गाठायची आणि शेतीच्या किंवा सणाच्या दिवसांत परतायचे, हे इथल्या कितीतरी घरांचे आयुष्य. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता आणि चरीच्या शेतकरी संपाची आठवण ताजी होती.

१९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा या कम्युनिस्ट शाहिराने देशाच्या संरक्षणासाठी डफ हाती घेतला आणि कार्यक्रम करून निधी उभा केला. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटात त्यांनी कामही केले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. दीड महिनाही झाला नव्हता, तोच २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. आयुष्य प्रवासात गेले आणि शेवटही रस्त्यावरच झाला. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

शाहिराचे मोठे काम समोरच्या गर्दीपुढे होते आणि गर्दी पांगली की हवेत विरते. कागदावरचे शब्द मागे राहतात, पण तो गळा राहत नाही. म्हणून ते काम पुढच्या गळ्यांनी उचलावे लागते. आपण माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर येत्या १ मे रोजी ध्वजवंदनानंतर शाळेच्या पटांगणात मुलांच्या तोंडून एक पोवाडा व्हायला हरकत नाही. डफाची सोय आपण करू. शिकवणारे गुरुजी आपल्यातच आहेत.