सिंगारवेलू : समधर्माचा तमिळ भाष्यकार

मद्रास (आजचे चेन्नई) येथील एका मच्छीमार कुटुंबात १८६० साली जन्मलेले सिंगारवेलू चेट्टियार व्यवसायाने वकील होते. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली त्यांनी वकिली सोडली. रशियन राज्यक्रांती व मार्क्सचा विचार हे पुढे त्यांच्या व्यासंगाचे विषय झाले. १ मे १९२३ रोजी मद्रासच्या समुद्रकिनारी त्यांनी साजरा केलेला कामगार दिन भारतातील पहिला मानला जातो. १९२४ च्या कानपूर खटल्यात श्रीपाद अमृत डांगे यांच्याबरोबर त्यांचेही नाव होते. प्रकृतीच्या कारणाने तो त्यांच्यावर चालला नाही. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरच्याच कम्युनिस्ट परिषदेचे ते अध्यक्ष झाले. १९२८ च्या रेल्वे संपामुळे त्यांना कारावास घडला.

१९३० मध्ये सुटल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. पेरियार यांच्या ‘कुडी अरसू’ पत्रातून विज्ञान व समाजवाद ते तमिळमध्ये विशद करीत राहिले. समाजवादासाठी तमिळमध्ये रूढ झालेला शब्द ‘समधर्म’. धर्मसंस्थेच्या या कठोर टीकाकाराने तोच स्वीकारावा, हे अर्थपूर्ण आहे. परकीय ग्रंथांतील विचार श्रमिकांच्या भाषेत रुजविल्यावाचून तो त्यांचा होत नाही, ही जाणीव त्यामागे दिसते. १९४६ साली ते निवर्तले. राजकीय इतिहास त्यांना आद्य कम्युनिस्ट म्हणून ओळखतो. तमिळ वैचारिक गद्याच्या इतिहासातही त्यांना स्थान द्यावयास हवे.