घनाच्या सावलीतील विमानकर्ता

रुबिक हे नाव उच्चारताच सहा रंगांचा घन डोळ्यांपुढे येतो. तो घन १९७४ मध्ये घडविणारे वास्तुविशारद एर्नो रुबिक जगप्रसिद्ध झाले. परंतु त्याच नावाचे त्यांचे वडील हंगेरीतील ग्लायडरप्रेमींसाठी त्याआधीच दंतकथा बनले होते.

थोरल्या रुबिक यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९१० रोजी पोश्चेन येथे झाला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा बहुतांश भूभाग गेला आणि हवाई दल बाळगण्यासही मनाई झाली. उडण्याची हौस मग इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरकडे वळली. बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात शिकताना तेथील क्रीडा-उड्डाण मंडळात रुबिक यांना याच वेडाने झपाटले. पुढे डॅन्यूबकाठच्या एस्टरगोम या जुन्या धर्मनगरीत 'एरो एव्हर' या कारखान्यात त्यांची ग्लायडर आकार घेऊ लागली.

त्या काळी विक्रमांचे मोठे आकर्षण होते. लायोश रोटर यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी स्वतःच रचलेल्या 'नेमेरे'तून बर्लिनहून थेट कील गाठले, तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर. रुबिक यांचे लक्ष मात्र नवशिक्यांकडे होते. 'व्योच्योक' हे एका आसनाचे साधे शिकाऊ ग्लायडर आणि 'पिलिश' ही त्यापुढची पायरी. 'कोमा'त शिक्षक व विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. एकट्याने धडपडत शिकण्यापेक्षा ही सोय किती मोठी, हे नवख्यालाच कळावे.

महायुद्धानंतर साम्यवादी राजवट आली, कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. कारखाना सरकारचा झाला; आरेखनाचा फलक मात्र रुबिक यांच्याकडेच राहिला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर 'अल्बा रेगिया' या चिमुकल्या मोटारीच्या घडणीतही त्यांचा हात होता. ती मोठ्या संख्येने रस्त्यावर आलीच नाही.

त्यांची खरी कमाई म्हणजे साठच्या दशकातील 'आर-२६ गोबे'. गोबे म्हणजे खट्याळ, चतुर गडी. लाकूड बाजूला सारून हंगेरीत मुबलक असलेल्या बॉक्साइटच्या ॲल्युमिनियमचा त्यांनी आधार घेतला. पंखांचा विस्तार अवघा १४ मीटर, आसने एकामागे एक. एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत हे ग्लायडर साधारण २४ किलोमीटर तरंगत जाई. जर्मनीच्या काचतंतूंच्या डौलदार ग्लायडरांपुढे हा आकडा किरकोळच. पण शिकाऊ हातांचे धक्के सोसणारे, दुरुस्तीला सोपे असे यंत्र शाळांना हवे होते, आणि ते त्यांना मिळाले. हंगेरीतील कित्येक पिढ्यांनी जमीन पहिल्यांदा सोडली ती गोबेमधूनच.

घनाच्या जागतिक कीर्तीने ऐंशीच्या दशकात घराण्याचे नाव खंडोखंडी पोहोचले, तेव्हा वडील सत्तरीत होते. त्यांचे निधन १३ फेब्रुवारी १९९७ रोजी बुडापेस्टमध्ये झाले. 'आर' या आद्याक्षराची त्यांची काही ग्लायडर त्यानंतरही हंगेरीच्या आकाशात तरंगत राहिली.