पवनचक्कीतील गणिती : जॉर्ज ग्रीन

विभव फलन ही संज्ञा भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. ती रूढ करणारे जॉर्ज ग्रीन मात्र लहानपणी जेमतेम चार सत्रे शाळेत गेले. १७९३ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे, पाव भाजण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी शाळा आणि नवव्या वर्षी वडिलांची भट्टी! पुढे वडिलांनी जवळच स्नेन्टन येथे पवनचक्की उभारली आणि तिचा कारभार ग्रीन यांच्या माथी आला.

१८२३ मध्ये ते गावातील ग्रंथालयाचे वर्गणीदार झाले. त्यांच्या प्रतिभेचे कौतुक करताना ही साधी नोंद विसरता कामा नये. पाचच वर्षांनी, १८२८ मध्ये, विद्युत व चुंबकत्व यांच्या गणितावरील त्यांचा निबंध छापून निघाला. त्याला ५१ वर्गणीदार लाभले. त्यांतील बहुतेकांना तो उमगला नसावा.

निबंधाचा गाभा असा : ठिकठिकाणचे बल वेगवेगळे मोजत बसण्याऐवजी एकच फलन घ्यावे, त्याच्या चढउतारावरून बल कळते. जेथे चढ नाही आणि उतारही नाही, तो क्रांतिक बिंदू. तेथे बल शून्य. प्रभाररहित जागेत हा बिंदू शिखर नसतो की तळ नसतो. तो सह्याद्रीतील खिंडीसारखा असतो : दोन अंगांना चढण, दोन अंगांना उतरण. संमिश्र विश्लेषणाने हाच विचार पुढे प्रतलावर नेला. ग्रीन यांच्या नावाचे फलन क्षेत्राच्या सीमेवर शून्य असते व आतील एका निवडलेल्या बिंदूपाशी अमर्याद वाढते. बंद वक्रांनी वेढलेल्या क्षेत्रात जितकी छिद्रे, तितक्याच या फलनाच्या खिंडी. जोडखिंड असेल तर ती दोनदा मोजायची, इतकेच. छिद्रच नसेल, तर सीमा कितीही वेडीवाकडी असो, खिंड एकही नाही.

१८२९ मध्ये वडील वारले. एडवर्ड ब्रॉमहेड यांच्या प्रोत्साहनाने ग्रीन १८३३ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय ४० होते. १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत ते चौथे आले आणि १८३९ मध्ये आपल्याच महाविद्यालयाचे अधिछात्र झाले. ३१ मे १८४१ रोजी नॉटिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले. निबंध तोवर अंधारातच होता. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन या तरुणाच्या (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले) हाती त्याची प्रत पडली. त्यांनी ती पॅरिसच्या गणितज्ञांना दाखविली आणि क्रेले यांच्या जर्मन नियतकालिकात १८५० ते १८५४ या काळात निबंध तीन भागांत पुन्हा छापला गेला. पहिला भाग निघाला, तेव्हा ग्रीन यांना जाऊन नऊ वर्षे लोटली होती.